हाकेचा सूर

गोळ्यांचा चौथा आठवडा संपत आला, तेव्हा मिक्सर काळी तीनच्या सुरात फिरतो, हे कुमुदताईंना पेटी न उघडता कळू लागलं. त्या गोळ्यांनी दीड महिन्यापुरता कान लहान मुलासारखा होतो. तेवढ्यात रोज सराव केला तर सूर कायमचे ओळखीचे होतात. भजनी मंडळात चाळीस वर्षं मागच्या रांगेत बसलेल्या कुमुदताईंना एवढंच हवं होतं.

त्या सकाळी सून रेमी मिझोराममध्ये, ऐजॉलला राहणाऱ्या आपल्या आईशी फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती. पलीकडून आईनं तिला हाक मारली आणि पोळी लाटता लाटता कुमुदताई थांबल्या. ‘रे’ खालून चढत होता, ‘मी’ वरच राहत होता. मिझो भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो, असं रेमीनं लग्नानंतर सांगितलं होतं, पण तेव्हा घरात कुणालाच फरक ऐकू आला नव्हता.

“रेमी,” त्यांनी तशीच हाक मारली.

रेमी गर्रकन वळली. फोनमधून तिच्या आईनं काहीतरी विचारलं.

“ती विचारतेय, आपल्या गावचं कोण आलंय तिथं?” कुमुदताईंकडे बघणाऱ्या रेमीचे डोळे भरून आले होते. “आई, सात वर्षांत या घरात माझं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.”

कुमुदताईंनी फोनकडे बघून हात जोडले. भाषाच येत नसल्यानं या विहिणीशी त्या आजवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

“गोळ्यांचे दोनच आठवडे उरलेत,” त्या रेमीला म्हणाल्या. “सरगम राहू दे. अशी मुलगी आमच्या घरी पाठवलीत, तुमचे फार उपकार झाले, हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं ते आधी शिकव.”