पोराने पास केलेली गोळी

नंदाखाल गावच्या ग्रेसीबाईंचा मुलगा व्हिव्हियन बी.फार्म. होऊन एका मोठ्या औषध कंपनीत लागला. तयार गोळ्या तपासून पास करायचं त्याचं काम. ग्रेसीबाईंनी लगेच डॉक्टरांकडे हट्ट धरून आपली प्रेशरची गोळी बदलून त्याच्या कंपनीची घेतली. मग दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर, घरच्या वाडीतली केळी दाखवावीत तशा कौतुकाने त्या बायकांना पाकीट दाखवू लागल्या. "माझ्या पोराने पास केलीय."

गोळी चौपट महाग होती. पण घरचीच म्हटल्यावर किंमत कोण विचारतो?

परवा त्यांना चक्कर आली. व्हिव्हियन नायगावच्या फ्लॅटवरून धावत आला. त्याने गोळ्यांचं पाकीट बघितलं, तर महिना संपत आला तरी निम्म्या गोळ्या शिल्लक.

"मम्मी, रोज घेत नाहीस?"

"दिवसाआड घेते. रोज कुठे परवडते?"

"मग मला सांगायचं ना!"

"तुला काय सांगू? तुझा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जातो."

व्हिव्हियनने कपाळावर हात मारला. "अगं, मग जेनेरिकच्या दुकानातली स्वस्त गोळी घे. तीच गोळी आहे. आमच्याच मशीनवर निघते, मीच पास करतो. फक्त पाकिटावर दुसऱ्या कंपनीचं नाव असतं."

ग्रेसीबाई उठल्या. भिंतीला धरत धरत गेल्या आणि आधी खिडकी लावून आल्या.



"हळू बोल. अर्धं गाव तुझी गोळी घेतंय. त्यांना कळलं, तर तुझे हप्ते कोण भरणार?"