फुलाचा कोरा रकाना

"बेगीन ये गो बाय, फूल उघडला!" आंबोलीच्या रोपवाटिकेतून रवळूकाकांची हाक आली आणि मैथिली हातातला चहा तसाच ठेवून धावली.

पानाच्या तुकड्यावरून संगणक फुलाचं चित्र काढू लागल्यापासून आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, नव्या जातींची नावं त्या चित्रांवरच ठरत होती. मैथिलीच्या वडिलांना, अण्णांना, सापडलेल्या या आमरीचं फूल पांढरंशुभ्र, असं त्याने सांगितलं होतं. अण्णा मात्र अडून बसले. "पोर जन्मायच्या आधी बारसं करतात का?" म्हणत त्यांनी अकरा वर्षं कळीची वाट पाहिली. लोक हसले. गेल्याच महिन्यात अण्णा गेले.

पाकळ्या पांढऱ्याच होत्या.

"म्हंजे मशीन जिंकला?" रवळूकाका हिरमुसले.

मैथिली आणखी वाकली. खालच्या पाकळीच्या आत, माशी शिरते तिथे, जांभळ्या ठिपक्यांची रांग होती. चित्रात ती नव्हतीच.

"काका, अण्णाच जिंकले!"

अण्णांच्या वहीतला फुलाचा कोरा रकाना तिने त्यांच्याच पेन्सिलीने भरला.

"मगे, नाव काय?"

"अण्णांचं. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं. मुलीने दिलेलं चालतं."