हाडकीची माती

शकुबाई पीठ चाळावं तशी माती चाळत होती. राघोबा चाळणीत उरलेले पांढरे तुकडे वेचून बांधावरच्या ढिगात भिरकावत होता. तपासणीला न्यायच्या पिशवीत एवढंसं हाड जरी गेलं, तरी औरादच्या साहेबापुढं मान खाली जाईल, अशी दोघा नवरा-बायकोला धास्ती.

जमिनीच्या या तुकड्याला गाव हाडकी म्हणायचं. राघोबाचे बाप-आजे गावाची मेलेली गुरं ओढून इथंच आणायचे. बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरानं ते काम सोडलं, पण जमिनीचं नाव काही सुटलं नाही. हाडकीत पेरायचं म्हटलं की पारावर हशा पिकायचा. राघोबानं मात्र ठरवलं होतं. माती तपासायची. बरी निघाली तर पेरायचं, नाही तर बिऱ्हाड उचलून कोळारचा कारखाना गाठायचा. शकुबाईला कोळारचं नावसुद्धा नको होतं.

पंधरवड्यानं दोघं औरादला गेली, तर शेती खात्याचे माणिकप्पा साहेब खुर्चीतून उठलेच.

"अण्णा, तुमच्या मातीत स्फुरद भरपूर आहे. दाणा भरायला तेच लागतं, आणि या भागात तेच कमी पडतं. तुम्ही घातलंत तरी काय?"

राघोबानं मान खाली घातली. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. शेवटी शकुबाईच म्हणाली, "हाडं हायत साहेब तिथं. ती येचून मग माती दिलाव आमी."

साहेब हसले. ते हसू पारावरचं नव्हतं.

"वेचून? अक्का, लोक हाडाची भुकटी पोत्यानं विकत आणतात. कुटा आणि परत मातीत मिसळा. बिनघोर पेरा."

शकुबाईचा चेहरा उजळला. कोळार टळलं होतं. राघोबाच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. रान स्वच्छ दिसावं म्हणून त्यानंच मन्नाएखेळ्ळीच्या हाडवाल्याला सांगितलं होतं, सगळा ढीग फुकट घेऊन जा. तो आजच येणार होता.

बस मिळाली, तीही उभ्यानं. फाट्यावर उतरल्या उतरल्या दोघं पळत सुटली. शकुबाईनं वहाणा हातात घेतल्या. राघोबाला धाप लागली होती, तरी हसू आवरत नव्हतं. जन्मभर ज्या हाडांपासून तोंड लपवलं, त्यांच्याचसाठी तो आज जीव तोडून धावत होता.

हाडवाल्याची बैलगाडी अर्धी भरली होती. शकुबाई थेट जाऊन बैलांपुढं उभी राहिली.

"समदं खाली उतर."

हाडवाला चक्रावला. "कामून? तुमच्या मालकानंच सांगितलं की, ही घाण उचल म्हणून."

"घाण न्हाई ती," शकुबाई म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं घातलेलं खत हाय."