वय उणे शहाण्णव

फेरीबोटीच्या कचेरीतला संगणक म्हसळ्याची सुचिता सांभाळायची. खऱ्या संगणकाच्या पोटात एक खोटा, नुसत्या प्रोग्रॅमचा बनलेला संगणक चालायचा. तिकिटं, हजेरी सगळं तो खोटाच बघायचा. त्याचं घड्याळ २०३८च्या जानेवारीपर्यंतच मोजायचं. पुढे त्याचे आकडे संपत होते.

संपल्यावर होतं काय? दुपारी चारपर्यंत बोट नव्हती, म्हणून सुचितानं ते घड्याळ मुद्दाम त्या शेवटच्या सेकंदावर नेऊन ठेवलं.

एक सेकंद गेला. १३ डिसेंबर १९०१.

"गेला पणजोबांकडे," ती हसली आणि तारीख पूर्ववत करायला तिनं ओळख पटवण्यासाठी हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला.

पडद्यावर आलं, 'सुचिता. वय उणे शहाण्णव. अजून जन्म झालेला नाही.'

"उत्तम! मग मला कामावरून काढणार कोण?" तिनं वायरच उपटली. खरा संगणक विझला. खोट्याचे सेकंद मात्र काळ्या पडद्यावर पुढे सरकत राहिले.

तेवढ्यात झाडलोट करणारी मनुबाई बादली घेऊन आत आली.

"मनुमावशी, तेवढा मेन स्विच बंद करा."

मनुबाईनं चौफेर पाहिलं. "कचेरी उघडी टाकून ही पोरगी गेली कुठं?"

"इथंच आहे मी! आणि उठणार नाही, सांगून ठेवते!" सुचितानं टेबल गच्च धरलं.

लादी पुसायची म्हणून मनुबाईनं रिकाम्या खुर्च्या एकेक उचलून टेबलावर उलट्या ठेवल्या. सुचिताच्या खालचीही तिनं सहज उचलली.

सुचिता बसलेलीच राहिली.