दाराजवळची जागा

रुग्णालयाच्या फाटकाशी आलं की सुलक्षणाचं डोकं फिरायचं. वडील वर हृदयरोगाच्या वॉर्डात, इकडे डबा गार होतोय, आणि फाटकावरच्या पार्किंग-यंत्राचा तो गोड आवाज तिची गाडी रोज पार मागच्या भिंतीकडे पिटाळायचा. दाराजवळच्या जागा डोळ्यांदेखत रिकाम्या असायच्या. तिने तक्रारी करून पाहिल्या, आवाजाशी कडाकडा भांडूनही पाहिलं. उत्तर ठरलेलं, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, ताई."

आज तिने तोंड उघडायच्या आत आवाज म्हणाला, "सुलक्षणाताई, आज आपल्याला दाराजवळची जागा."

"आजच बरी दया आली," ती फणकारली.

"ती जागा लवकर परतणाऱ्या नातेवाइकांसाठी असते, ताई. वॉर्डातल्या यंत्रांकडून आम्हाला तसा अंदाज मिळतो. आपण आज दुपारीच मोकळ्या व्हाल."

"म्हणजे अण्णांना घरी सोडताहेत?"

"घरी सोडण्याची नोंद नाही, ताई."

तिने गाडी पुढे घेतली नाही. सकाळीच अण्णांनी नर्सच्या फोनवरून मेतकूट-भात मागितला होता. शेजारच्या सीटवर डबा अजून गरम होता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"मला ही जागा नको," ती म्हणाली. "मागची दे. भिंतीजवळची, रोजची."

"ती आज दुसऱ्यांना दिली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, ताई," आवाज म्हणाला, आणि समोरचा आडवा दांडा हळूच वर गेला.