कान पिळून मिळेल

"तुमची सेवा निवडा," वेबसाइट म्हणाली. यादीत कान पिळणं नव्हतं.

लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. जिला भाऊ नाही, तिच्यासाठी मी. पण फ्रीलान्सर म्हटलं की ऑनलाइन दिसायला हवं, असं बायकोचं मत.

पहिल्या साइटवर 'ऑडिओ'मध्ये नाव घातलं, तर लोक हेडफोन दुरुस्त कराल का विचारू लागले. दुसरीवर एक लग्न मिळालं, पण नवरदेवाने एकच तारा दिला: "कान दुखला." मी उत्तर लिहिलं, "तेच तर काम आहे." साइटने खातं बंद केलं. तिसरीवर बोली लावायची होती. तिथे एक पठ्ठ्या एका कानाच्या पैशांत दोन्ही कान पिळायला तयार होता. अशांमुळेच धंद्याची अब्रू जाते.

मी तिथूनही नाव काढत होतो, तेवढ्यात त्या एक ताऱ्यावाल्याच्या बायकोचा मेसेज आला. "दादा, भाऊबीजेला याल का? तुमचा दर सांगा."

मी बायकोला विचारलं, "हे काम कुठल्या साइटवर टाकायचं?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "आणि दर तिलाच विचारा. ओवाळणी तुम्हाला घालायचीय."