दुसऱ्या मजल्यावरचा पहारा

मुलगी जिन्यात उभी होती. तिच्यामागे दोन पायऱ्या खाली तिचा दीर, बोटात गाडीची किल्ली फिरवत.

"बाबा, अर्धा तास," ती म्हणाली. "खाली जाऊन चहा पिऊन या. एवढंच मागतेय."

हवालदार खुर्चीतून उठला नाही. त्याच्या पाठीशी बंद दार होतं आणि दाराआड शिलाई मशीन चालू होतं. आतल्या बाईने वर्षभरापूर्वी याच घराच्या खिडकीतून वाळूचा ट्रक एका माणसाच्या अंगावरून जाताना पाहिला होता. तो मोजणी खात्याचा माणूस होता. नदीचं पात्र किती उपसलंय ते मोजायला आला होता. ट्रक पुढे गेला, थांबला आणि तसाच मागे आला. चालवणाऱ्याचा चेहरा बाईने नीट पाहिला होता. तो हवालदाराचा जावई होता.

आता जावई जामिनावर बाहेर होता आणि बाईची साक्ष पाच दिवसांवर आली होती. या दारावर आपल्यालाच का बसवलं, हे हवालदाराला कळलं नव्हतं. साहेबांना नातं माहीत होतं. "न्यायाधीशांकडून तुझंच नाव आलंय, माझ्या हातात काही नाही," एवढंच ते म्हणाले होते.

"काका, घरातलं घरात मिटवा," दीर खालून म्हणाला. "कशाला ताणताय?"

"मी कामावर आहे," हवालदार म्हणाला.

मुलगी वर आली. वाकली आणि तिने त्याच्या बुटांना हात लावला. "माझ्या पदरात पोर आहे. नवरा आत गेला तर मी कुठे जाऊ? तुम्हाला मी जवळची की ही शिवणकामवाली?"

तो तिच्या केसांच्या भांगाकडे बघत राहिला.

ती उठली. "मग आजपासून मला बाप नाही," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली, तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. आणि दिराच्या पुढे होऊन जिना उतरून गेली.

नवऱ्याने हात उचलला म्हणून ती याआधी दोनदा माहेरी आली होती. दोन्ही वेळा हवालदारानेच समजूत घालून तिला परत पोचवलं होतं. 'संसार म्हटला की असं व्हायचंच,' असं काहीतरी बोलला होता तो. दुसऱ्या खेपेला जावई त्याला फाटकापर्यंत सोडायला आला होता. पायाही पडला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला.

"पोरगी जिन्यावरून पडली म्हणतात," ती म्हणाली. "हात मोडलाय. डोक्याला नऊ टाके आहेत."

"शुद्धीवर आहे?"

"आहे. कुणाशी बोलत नाही."

तासाभरात साहेब स्वतः आले. सोबत एक तरणाबांड शिपाई होता. "तू दवाखान्यात जा," साहेब म्हणाले. "दोन दिवस हा बसेल इथे."

हवालदाराने शिपायाकडे पाहिलं. या पोराला त्याने जावयाच्या वाळूच्या डेपोवर पाहिलं होतं. टेबलावर पाय टाकून चहा पीत बसला होता.

"नको साहेब. साक्ष झाली की जातो."

"अरे, तुझी पोटची पोर आहे ती."

"साक्ष झाली की जातो," तो पुन्हा म्हणाला. त्याने खुर्ची दाराला आणखी चिकटवली.

आतलं मशीन केव्हाच थांबलं होतं. साहेब गेल्यावर दार उघडलं. बाई उंबऱ्यात उभी राहिली. "तुम्ही जा, दादा. मी आतून कडी लावून बसते."

"कडी एका लाथेत निघते, ताई."

तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. पण तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी मशीन पुन्हा चाललं नाही.

साक्ष चाळीस मिनिटं चालली. दुसऱ्या मजल्यावरून तुम्हाला चेहरा कसा दिसला, असं जावयाच्या वकिलाने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. बाई म्हणाली, तो खाली उतरून चाकाशी आला होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं तिसरं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. शर्ट ट्रकच्या सीटमागे सापडला होता. तो टेबलावर ठेवलेलाच होता. वकील खाली बसला. दुपारी जामीन रद्द झाला. जावयाला बाजूच्या दाराने नेलं. त्याने सासऱ्याकडे पाहिलंही नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदाराने टोपी काढली. पाच दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"ताई, माझं काम झालं. आता दवाखान्यात जातो," तो म्हणाला. "ती माझं तोंड तरी बघेल की नाही, कोण जाणे."

बाईने त्याची बाही धरली.

"थांबा. आजवर बोलले नाही, कारण तिने शपथ घातली होती. दारावर कोण हवं असं न्यायाधीशांनी मला विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव दिलं. मी कुठे ओळखत होते तुम्हाला? त्याच्या आदल्या दिवशी तुमची मुलगी आली होती माझ्याकडे, ब्लाउज उसवून घ्यायच्या निमित्ताने." तिने बाही सोडली नाही. "म्हणाली, बाबांना मागून घ्या. हे लोक मला पुढे घालून आणतील. मी रडेन, पाया पडेन, वाटेल ते बोलेन. पण घाबरू नका. माझे बाबा माझ्यासाठी कधीच हलले नाहीत, आताही हलणार नाहीत."